उस्तादांना टोकणार कोण

रामकिसन वर्गात शिरला तसे रिवाजाप्रमाणे सगळे उठून उभे राहिले, आणि त्या सगळ्यांत कय्युम उस्तादही उठले. तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. बाकं करकरली, कुणाची तरी छत्री आडवी झाली, आणि कचेरीच्या मागच्या लांबट व्हरांड्यात, अगदी शेवटच्या बाकावर, एक म्हातारा माणूस गुडघ्यावर हात रेटत सरळ झाला, त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि मास्तरापुढं नजर खाली घातली. पण रामकिसन दचकला. आधी त्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या वर्गात आलो. मग वाटलं, पायातल्या चपला काढाव्यात, कारण या माणसापुढं तो आजवर चपला घालून उभा राहिला नव्हता. मग वाटलं, म्हणावं, उस्ताद, तुम्ही कशाला उठता. पण त्यांना एकट्यालाच बसा म्हटलं तर बाकीच्यांच्या भुवया वर जाणार, आणि सगळ्यांनाच बसा म्हटलं तर उस्तादांना हुकूम केल्यासारखं होणार. या घोळात तो उभाच राहिला, तो उभा म्हणून वर्ग उभा, आणि वर्ग उभा म्हणून उस्तादही उभे. शेवटी पुंजाराम शिपाईच म्हणाला, "बसू का मास्तर? का उभ्यानंच शिकायचं हाय इंग्रजी?" सगळे हसले आणि बसले. रामकिसननं खुर्ची ओढली, तो टेकला, आणि मगच उस्ताद टेकले. मास्तर बसल्याशिवाय शागीर्दानं बसायचं नाही, हे त्यांनीच एके काळी रामकिसनला शिकवलं होतं.

खरं म्हणजे यात दचकण्यासारखं काय होतं? निजामाचं राज्य गेलं, पोलीस ॲक्शन झाली, मग मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि एवढ्या काळात कचेरीची जीभ दोनदा बदलली. आधी उर्दू, मग मराठी, आणि आता वरून येणारा कागद इंग्रजीत. नव्या साहेबांनी फर्मान काढलं, जुन्या अमदानीतल्या प्रत्येकानं उन्हाळ्याच्या आत कामापुरतं इंग्रजी बोलून दाखवावं, नाहीतर घरी बसावं. कचेरीत इंग्रजी येणारा एकटा रामकिसन, हैदराबादला कॉलेजात जाऊन आलेला. तेव्हा शिकवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. उस्तादही जुन्या अमदानीतलेच. त्यांची उर्दू शाळा बंद झाली तेव्हा त्यांना कचेरीच्या मुहाफिजखान्यात टाकलं होतं, जिथं जुने कागद लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून ठेवतात आणि सहसा कुणी सोडत नाही. रोज अंगणात त्यांची गाठ पडे, रामकिसन वाकून सलाम करी, ते 'जीते रहो' म्हणत. पण हे फर्मान त्यांनाही लागू आहे, ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती. उस्ताद म्हणजे शिकवणारे. विहिरीनं कधी घागर घेऊन पाण्याला जायचं असतं का?

पुस्तक पहिलीच्या पोरांचं होतं, कारण मोठ्या माणसांसाठी तसलं पुस्तक अख्ख्या गावात मिळेना. त्यात गोपाळ नावाचा एक मुलगा होता, त्याच्याकडं एक गाय होती, आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आपलीच माहिती सांगत सुटला होता. व्हॉट इज युवर नेम? माय नेम इज गोपाळ. आय ॲम अ बॉय. आय रीड इन अ स्कूल. माय फादर इज अ फार्मर. रामकिसननं धडा दोनदा वाचला. मिशा पिकलेल्या माणसांनी सुरात ओढला, आय ॲम अ बॉय, आणि एकमेकांकडं बघून खुसखुसले. मग एकेकाला उभं करायची वेळ आली. सुरुवात वडीलधाऱ्यापासून करायची, हाही रिवाजच. उस्ताद उठले. त्यांनी डोळे मिटले, अंग किंचित मागंपुढं डोलू लागलं, आणि त्या व्हरांड्यात असा काही आवाज घुमला की पुंजारामनंही तोंड मिटलं. त्यांनी धडा म्हटला नाही, तो पढला. एकही अक्षर सांडलं नाही. व्हॉट इज युवर नेमपासून सुरू झाले ते फादर इज अ फार्मरपर्यंत एका दमात, स्वर जिथं लांबवायचा तिथं लांबवून, जिथं थांबायचं तिथं थांबून. माय नेम इज गोपाळ, असं साठीकडं झुकलेल्या हाफिज अब्दुल कय्युम यांनी इतक्या निष्ठेनं सांगितलं की ऐकणाऱ्याला क्षणभर खरंच वाटावं. रामकिसननं तोंड उघडलं. सांगायचं एवढंच होतं: उस्ताद, गोपाळच्या जागी आपलं नाव घ्यायचं. पण त्याचा उजवा हात आपसूक कानाच्या पाळीकडं गेला, उस्तादांचं नाव काढताना शागीर्द अदबीनं पाळी धरतो तसा, आणि तोंडातून शब्द निघाले ते असे, "बहोत खूब, उस्ताद."

उस्तादांनी डोळे उघडले. त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि ते बसले. ती नजर रामकिसनला तेव्हा कळली नाही. त्याला वाटलं, त्यांना बरं वाटलं असणार. आपल्याला वाटलं असतं तसं. कारण 'बहोत खूब' या दोन शब्दांसाठी रामकिसननं लहानपणाची सगळी वर्षं जीव टाकला होता. करमाडहून बाप त्याला बैलगाडीतून घेऊन आला आणि शहागंजातल्या त्या शाळेत सोडून गेला, तेव्हा त्याला उर्दूचा अलिफसुद्धा येत नव्हता. उस्तादांच्या हातात बोरू असे. पोरगं सबक म्हणायला लागलं की ते खिडकीबाहेर बघत ऐकत, आणि एखादा हरफ घसरला की बोरूची मागची बाजू बोटांच्या पेरांवर टक्कन बसे. "फिरसे," म्हटलं की पोरानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. रामकिसनची पेरं संध्याकाळी लाल होत. त्याच्या जिभेला करमाडची माती चिकटलेली, आणि उस्तादांना तर प्रत्येक अक्षर घशाच्या नेमक्या जागेवरून निघायला हवं. त्याच बाकावर सांडू नावाचा एक जाडा मुलगा होता, लाकडाच्या वखारवाल्याचा. सांडू उभा राही, सबक उलटापालटा करून टाकी, दोन ओळी गिळी, आणि उस्ताद शांतपणे ऐकून म्हणत, "बहोत खूब, बैठ जा." सांडू ऐटीत बसे. रामकिसन रात्री गोधडीत तोंड खुपसून रडे. काय केलं म्हणजे उस्ताद आपल्याला एकदा तरी असं म्हणतील? इतकी वर्षं गेली, तो शिकला, सांडू वखारीत बसला, पण ते दोन शब्द उस्तादांनी रामकिसनला दिले नाहीत ते नाहीतच. आणि आता देण्याची पाळी त्याची होती, तर त्यानं हात आखडता का घ्यावा?

मात्र त्या संध्याकाळी एक झालं. उस्तादांच्या पाठोपाठ पुंजारामनंही "माय नेम इज गोपाळ" ठोकून दिलं, आणि रामकिसनला त्यालाही टोकता येईना. पुंजारामला म्हणावं, अरे, तुझं नाव सांग, तर लेकी बोले सुने लागे. घाव उस्तादांवर पडायचा. म्हणून त्या दिवशी कचेरीतले झाडून सगळे गोपाळ झाले. मग वर्ग सुटल्यावर, उस्ताद फाटकाबाहेर गेलेले बघून, रामकिसननं बाकीच्यांना पाण्याच्या माठाजवळ गाठलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की बाबांनो, तिथं आपापलं नाव घ्यायचं, वय आपलं सांगायचं, बाप काय करत होता ते आपलं सांगायचं. अव्वल कारकून आप्पासाहेब त्याच्याच करमाडचे. ते म्हणाले, "आन् मौलवीसाहेबांना कोन सांगनार?" रामकिसन म्हणाला, "सांगतो ना मी. एकट्यात सांगतो." हे म्हणताना त्याला अगदी खरं वाटलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात पुंजाराम उभा राहिला आणि त्यानं खणखणीत सांगितलं, "माय नेम इज पुंजाराम." मागच्या बाकावरून ताबडतोब आवाज आला, "गोपाळ." पुंजाराम थांबला. "नाय उस्ताद, माझं नाव पुंजाराम हाय." "तुझं नाव मला ठाऊक आहे, बेटा," उस्ताद म्हणाले, अगदी मायेनं. "पण सबकात गोपाळ आहे. सबकात आपल्या मनाचं घालू नये. फिरसे." आता पुंजारामनं मास्तरांकडं पाहिलं, आप्पासाहेबांनी पाहिलं, सगळ्या व्हरांड्यानं पाहिलं. रामकिसननं भिंतीकडं पाहिलं. त्या भिंतीवर पाण्याच्या ओघळाचा एक डाग होता, तो त्याला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिला. पुंजाराम बिचारा शहाणा, त्यानं परत पहिल्यापासून म्हटलं, गोपाळ म्हणून म्हटलं, आणि बसताना पुटपुटला, "दोन मास्तर झाले की पोरगं नापासच व्हनार."

उस्तादांचं चुकत होतं असंही म्हणता येईना, हीच खरी पंचाईत. सातव्या-आठव्या वर्षी बेगमपुऱ्याच्या मशिदीत बसून त्यांनी अख्खं कुराण तोंडपाठ केलं होतं, आणि ज्याच्या जिभेवर असा ग्रंथ एकदा बसला, त्याच्या लेखी पाठ म्हणजे पाठ. त्यातला जेर-जबर, काना-मात्रासुद्धा, हलवायचा नाही. अर्थ? त्याला उस्ताद मानी म्हणत, आणि शाळेत सांगत, लफ्ज आधी घरात घ्या. मानी मागून येते, आणि येते तेव्हा दार वाजवत नाही, सरळ आत येऊन बसते. आणि हे खोटं नव्हतं. रामकिसननं स्वतः अनुभवलं होतं. अकराव्या वर्षी घोकलेली एक फारसी ओळ, जिचा ओ की ठो कळला नव्हता, ती बापाला जाळून सुकना नदीकडून परत येताना त्याच्या तोंडात एकाएकी उगवली, आणि समोरच्या बांधावरची बाभूळ दिसावी तशी लख्ख दिसली. तो तिथंच चिखलात मटकन बसला होता. भावकीतले लोक म्हणाले, बापाच्या दुःखानं बसला. बापाचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त त्याला त्या क्षणी उस्तादांचा बोरू आठवला होता, आणि पेरांवरचा तो जुना ठणका गोड लागला होता. तेव्हा गोपाळ आणि त्याची गायही एक दिवस उस्तादांच्या घरात अर्थ घेऊन येऊन बसतील, याबद्दल त्याला शंका नव्हती. पण त्या फारसी ओळीला यायला पंधरा-वीस वर्षं लागली होती, आणि परीक्षा घ्यायला मुंबईचे साहेब उन्हाळ्याच्या तोंडावर येणार होते.

हिवाळा असाच गेला. उस्ताद एकही दिवस चुकले नाहीत. मुहाफिजखान्याची धूळ अंगावरून झटकून, हातपाय धुऊन, संध्याकाळची मगरिबची नमाज कोपऱ्यात उरकून ते शेवटच्या बाकावर येऊन बसत. धड्यामागून धडा त्यांनी गिळला. गाय झाली, बाजार झाला, आगगाडी झाली. रामकिसननं एकदा वाचायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा धडा हजर. प्रत्येक वेळी म्हणून झालं की ते डोळे उघडून रामकिसनकडं बघत आणि थोडं थांबत. प्रत्येक वेळी रामकिसन म्हणे, बहोत खूब. रोज घरून निघताना तो ठरवी, आज सांगायचं. गुलमंडीपर्यंत निश्चय पक्का असे. सिटी चौकात तो ढिला पडे. कचेरीच्या फाटकाशी येईतो त्याच्या जागी दुसराच विचार तयार असे, की आज नको, आज थंडी आहे, आज त्यांना खोकला आहे, आज आप्पासाहेब कान टवकारून बसलेत. स्वतःची त्याला चीड येई. हीच जीभ हैदराबादला वादविवादात चुरूचुरू चालत होती. मग इथंच टाळ्याला का चिकटते? पोलीस ॲक्शनच्या त्या आठवड्यातलं एक चित्र अशा वेळी हटकून समोर येई. गाव चिडीचूप, दुकानं बंद, आणि शहागंजातल्या शाळेचं दार मात्र उघडं. आत उस्ताद एकटे खुर्चीत बसून रिकाम्या बाकांपुढं हजेरी घेत होते. नाव घ्यायचं, थांबायचं, पुढचं नाव घ्यायचं. रामकिसन रस्त्यावरून ऐकत उभा होता. त्याला आत जाऊन 'हाजिर' म्हणावंसं वाटलं होतं, आणि त्याच वेळी असंही वाटलं होतं की मोठ्या माणसाला अशा अवस्थेत आपण पाहिलं हे त्यांना कळू नये. तो पाय न वाजवता निघून गेला होता. त्याची सगळी अदब अशी, नेहमी उंबऱ्याबाहेर उभी.

होळीच्या सुमाराला मात्र त्यानं मन घट्ट केलं आणि सुट्टीच्या सकाळी रोशन गेटजवळचं उस्तादांचं घर गाठलं. आज एकट्यात, त्यांच्याच घरात, हात जोडून सांगायचं. उस्ताद बाजारात गेले होते. त्यांच्या बीबी जैतुनबींनी दारातल्या बाजेवर चादर अंथरली. "आओ बेटा, बैठो," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला गेल्या. या बाईच्या हातची खिचडी त्यानं लहानपणी ईदच्या-बिगरईदच्या किती दिवशी खाल्ली होती. चहा देताना त्या सांगू लागल्या. मेहरुन्निसा हैदराबादहून सारखी बोलावते, की अब्बाला आता काम होत नाही, इकडं या. "लेक चांगली आहे रे. जावईही वाईट नाही. पण जावयाच्या दारात भाकर खायची म्हणजे प्रत्येक घासाला खाली बघायचं. हे म्हणतात, आईबापाच्या कबरी बेगमपुऱ्यात, माझीही जागा तिथंच. नोकरी आहे तोवर या गावात ताठ राहता येतं. नोकरी गेली की गाव गेलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण एक सांगू? शाळा बंद झाल्यापासून यांच्या तोंडाला कुलूप होतं. आता पहाटे फजरच्या नमाजनंतर अंगणात बसून तुझं इंग्रजी पढतात. गल्लीतली पोरं भिंतीवर चढून ऐकतात. इतक्या वर्षांनी घरात आवाज आला."  पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "खरं सांग बेटा, यांना येतंय ना?"

हीच वेळ होती. इतकी सरळ वेळ पुन्हा येणार नव्हती, हे रामकिसनला तेव्हाच कळलं होतं. त्यानं कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. "बहोत खूब येतंय, अम्मा," तो म्हणाला. जैतुनबी त्याच्याकडं एकदा निरखून बघून उठल्या. त्यांनी रिकामा कप उचलला आणि तो धुतलेला असूनही पुन्हा धुवावा तसा बराच वेळ धूत बसल्या. उस्ताद पिशवी घेऊन आले, रामकिसनला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि त्यांनी आगगाडीचा धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. भिंतीवरची पोरं टाळ्या वाजवत होती. 

साहेब आले ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पांढरा शर्ट, घामानं चिकटलेला, हातात सारखा रुमाल. त्यांनी मोठ्या हॉलमध्ये टेबल मांडलं, रामकिसनला शेजारी बसवलं आणि एकेकाला बोलावलं. पुंजारामनं आपलं नाव, गाव, काम सांगितलं, मध्येच अडला तेव्हा "आय कॅरी फाईल, सर, एव्हरीवन्स फाईल," असं सांगून साहेबांना हसवलं, आणि सुटला. आप्पासाहेब घामाघूम होऊन सुटले. मग उस्ताद आले. त्यांनी शेरवानी घातली होती, शाळेतली, कोपरावर विरलेली. त्यांना खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत, कारण रामकिसन त्यांच्याकडं बघून अर्धवट उठला होता आणि आता त्यालाच बसता येत नव्हतं. साहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि अगदी सोपा म्हणून तो प्रश्न विचारला. व्हॉट इज युवर नेम?

उस्तादांनी डोळे मिटले. रामकिसननं टेबलाची कड धरली. आधीचे शब्द त्याला ऐकूच आले नाहीत, फक्त ते अंगाचं डोलणं दिसलं. मग ऐकू आलं, आय ॲम अ बॉय. साहेबांचा रुमाल कपाळावरच थांबला. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग चेहरा बघून कळलं, थट्टा नाही. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि सावकाश, एकेक शब्द तोडून, परत विचारलं. आता पाठ करणाऱ्याचा एक कायदा असतो. कुणी थांबवलं म्हणजे कुठंतरी चूक झाली, आणि चूक झाली म्हणजे मागं जाऊन परत सुरुवात करायची. उस्तादांनी माफी मागितल्यासारखी मान लववली आणि पहिल्यापासून सुरू केलं, अधिक काळजीनं, अधिक सुरात. माय नेम इज गोपाळ. दारापाशी कोंडाळं करून उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, आवाज न चढवता, जवळजवळ विनवणीनं. आणि उस्ताद तिसऱ्यांदा मागं गेले. यावेळी त्यांचा आवाज मध्येच फाटला. माय फादर इज अ फार्मर, असं म्हणून ते थांबले, डोळे उघडले आणि नेहमीप्रमाणे रामकिसनकडं पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. "मास्तर, तुम्ही यांना शिकवलं तरी काय?" ते मराठीत म्हणाले. रामकिसनला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. पण जमीन असल्या वेळी कुणाला घेत नाही. साहेबांनी उस्तादांना पाणी आणून दिलं, शेरवानीकडं बघून त्यांना अदबीनं 'आप' म्हणाले, आणि पुढच्याला बोलावलं.

त्यानंतरचं सगळं अगदी चटकन झालं. कचेरीनं उस्तादांना घरी बसवलं. त्यांनी मुहाफिजखान्यातला शेवटचा बस्ता बांधला, गाठ ओढून पाहिली, किल्ली पुंजारामच्या हातात दिली. रोशन गेटजवळच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलं. हैदराबादला निघायच्या सकाळी रामकिसन स्टेशनवर गेला. न जाऊन चाललं नसतं, आणि जाऊन काय करायचं ते माहीत नव्हतं. मनमाडहून येणारी गाडी थोडी उशिरा होती. ती आली तेव्हा जैतुनबी बुरख्यात गठुड्यासारख्या आतल्या बाकावर बसल्या आणि त्यांनी रामकिसनकडं पाहिलं नाही. उस्ताद खिडकीशी बसले. गाडी जालन्याकडं जाताना करमाडवरून जाईल, हे रामकिसनच्या उगाचच मनात आलं.

"रामकिसन," उस्ताद म्हणाले, "सांडू आठवतो का रे?"

"आठवतो, उस्ताद."

"त्याला मी काय म्हणायचो?"

"बहोत खूब म्हणायचात." आणि त्याला स्वतःलाच नवल वाटेल अशा तक्रारीच्या सुरात, पोरासारखं, त्याच्या तोंडून गेलं, "मला कधीच म्हणाला नाहीत."

उस्ताद हसले. त्यांच्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं. "अरे, ज्याचं आता काही होणार नाही हे दिसलं, त्या लेकराला टोकून कशाला रडवायचं? त्याला बहोत खूब म्हणायचं, खाली बसवायचं आणि पुढच्याकडं वळायचं. सगळे उस्ताद हेच करतात. तुला म्हणालो नाही, कारण तुझ्यावर माझी उमेद होती." त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "पहिल्याच संध्याकाळी तू मला बहोत खूब म्हणालास. घरी जाऊन मी जैतुनला सांगितलं, पोरानं आपली आशा सोडली."

फलाटावर कुणीतरी चहाची किटली घेऊन ओरडत गेलं. रामकिसनला सांगायचं होतं, की उस्ताद, मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ती शाबासकी. जे मला आयुष्यभर मिळालं नाही ते मी तुम्हाला रोज ओंजळीनं देत होतो. पण त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच. "मग तुम्ही रोज कशाला आलात?"

"म्हटलं, एखाद्या दिवशी टोकशील."

इंजिनानं वाफ सोडली. उस्ताद खिडकीतून थोडे पुढं झाले. "मला अजून कळलं नाही बेटा, मी कुठं चुकलो. लोक हसले ते मी ऐकलं. आता तरी सांग. मी पढतो. जिथं चुकेल तिथं टोक." आणि त्यांनी डोळे मिटले, गाडीच्या गजांना धरून अंग मागंपुढं डोलू लागलं, आणि धडा सुरू झाला. यावेळी त्यांनी तो सुरात ओढला नाही. शाळेत लहान पोराला जागा करून द्यावी तसे ते प्रत्येक वाक्यानंतर थांबले. व्हॉट इज युवर नेम. थांबले. माय नेम इज गोपाळ. थांबले. बराच वेळ थांबले. रामकिसनला त्यांच्या पापण्या थरथरताना दिसत होत्या. एक शब्द पुरे होता. 'कय्युम' एवढाच. तो त्याच्या जिभेच्या टोकावर होता, आणि उस्तादांचं नाव उच्चारायचं म्हणून त्याचा हात वर जाऊन कानाच्या पाळीला लागला होता, आणि तिथंच राहिला होता.

गार्डानं शिट्टी दिली. उस्तादांनी डोळे उघडले, कानाशी धरलेला तो हात पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सांडूपुढं असायची तीच माया आली.

"बहोत खूब, बेटा," ते म्हणाले. "बैठ जा."